डबलबेडची चादर, एकटीने

माझ्या नातीला आयुष्यातलं काहीएक येत नाही, असं शाळेनं कळवलं तेव्हा ती सात वर्षांची होती. सात वर्षांच्या माणसाला आयुष्यातलं काय काय यायला हवं, ते मला सत्तरीतसुद्धा धड सांगता येणार नाही. शाळेला मात्र ते तोंडपाठ होतं.

ही बातमी घेऊन सून घरात आली ती खांद्यावरची पर्स न काढताच.

"आई, तिला बुटाची नाडी बांधता येत नाही म्हणतात."

"तिच्या बापाला तरी कुठे येते. तो पट्ट्याचे बूट घालतो."

माझा मुलगा पेपर वाचत होता. त्यानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले, पण पेपर काही खाली केला नाही. शहाणा आहे.

"डबा संपवायला तिला अख्खी सुट्टी पुरत नाही. पट्टी हरवते, पेन्सिल हरवते. आणि तासाला खिडकीबाहेर बघत बसते."

"काय बघते?"

"ते नाही विचारलं बाईंनी."

"घ्या. म्हणजे बघणारी ती एकटीच, आणि तिलाच काही येत नाही."

आमच्या घरात तिला भिंगरी म्हणतात. पाळण्यात असताना ती हातपाय असे भिरभिर हलवायची की पोरगी मोठी झाल्यावर घर डोक्यावर घेणार, असं मीच भाकीत केलं होतं. मोठी झाली आणि चाल निघाली गोगलगायीची. जिन्याची एकेक पायरी ती अशी चढते, जणू प्रत्येक पायरीशी आधी ओळख करून घ्यायची असते. नाव मात्र तेच राहिलं. माझी भाकितं मी मागे घेत नाही.

तर शाळेचं म्हणणं असं, की महिनाअखेरीला जीवनकौशल्य दिन आहे. प्रत्येक मुलानं सगळ्या पालकांसमोर एखादं उपयोगाचं काम करून दाखवायचं. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी जादा वर्ग. रोज. शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत.

बाकीचं माझ्या डोक्यात नंतर शिरलं. आधी शिरलं ते 'रोज, शाळा सुटल्यापासून'.

भिंगरीची शाळा दुपारी सुटते. मुलगा आणि सून दिवे लागायच्या सुमाराला येतात. मधली दुपार माझी आणि तिची. पडदे ओढले की आमची खोली तळ्याच्या तळासारखी हिरवी होते. पंखा फिरतो, त्याची सावली भिंतीवर सावकाश पोहत राहते. भिंगरी माझ्या दंडावर डोकं टेकवून त्या दिवशीच्या बातम्या सांगते. समोरच्या पत्र्यावरची बोकी सगळ्या मांजरांची मोठी बाई आहे आणि आज तिनं दोघांना उभं केलं. एक ढग शाळेच्या मागे बसायला आला होता, पण जागा नव्हती म्हणून उठून गेला. मग ती विचारते, "आजी, झोप येते ती पायाकडून येते का डोक्याकडून?" मी म्हणते, पायाकडून. ती म्हणते, "मग पांघरूण पायावर नको घेऊ, तिला वाट राहू दे." असं काय काय चालतं. त्या वेळात कुणी कुणाला काही शिकवत नाही, कुणाचं काही अडत नाही. ही दुपार माझ्याकडून कुणी उचलून नेली तर खोली तीच राहील, पडदे तेच राहतील, आणि मी त्या हिरव्या उजेडात भिंतीकडे बघत बसेन.

हे काही सुनेला सांगायचं नसतं. मी म्हटलं, "प्रश्न घराण्याच्या अब्रूचा आहे. तिला मी शिकवते. महिना पुष्कळ झाला."

"आई, तुम्ही?"

त्या 'तुम्ही'ला तिनं असा लांब हेल काढला की त्यावर ओला टॉवेल वाळत घालता आला असता. मी शाळेत दुसरीपर्यंत टिकले हे तिला ठाऊक आहे. पण ज्या बाईनं तिच्या नवऱ्याला जेवायला, बोलायला आणि रस्ता ओलांडायला शिकवलं ती मीच, हे ती विसरते. बोलायचं जरा कमी शिकवलं गेलं, कबूल. पण लग्नानंतर त्याचा तिलाच फायदा झाला.

आता शिकवायचं काय? आमच्या इमारतीत नळाला पाणी कमी असेल, सल्ल्याला तोटा नाही. समोरची दातांची डॉक्टरीण म्हणाली, दात घासणं हेच खरं कौशल्य, बाकी सगळं नंतर. तळमजल्यावरचा पैलवान, म्हणजे सकाळसंध्याकाळ वजनं उचलणारा तरुण, म्हणाला, पोहायला शिकवा. मी विचारलं, बादलीत का पिंपात? दुसऱ्या मजल्यावर निवृत्त हेडक्लार्क राहतात. ते पायजम्याच्या नाडीलासुद्धा लाल फितीसारखी गाठ मारतात. ते म्हणाले, "वहिनी, मुलाला अर्ज लिहिता आला पाहिजे. मी चौथ्या वर्षी पहिला अर्ज लिहिला."

"कुणाला?"

"वडिलांना. एक दिवस अभ्यासातून रजा मिळावी म्हणून."

"मिळाली?"

"विचाराधीन राहिला," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरोखर उतरला.

माझी नणंद फोनवर म्हणाली, अंडं उकडायला शिकव, त्यात काय मोठंसं. शिकवलं. भिंगरीनं पातेल्यात अंडं ठेवलं, स्टूलवर उभी राहिली आणि बघत बसली. "आजी, आत त्याला बुडबुडे ऐकू येत असतील का?" मीही बघायला लागले. बुडबुड्यांकडे बघत राहिलं की मनाचं कसं होतं ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. आधी बारीक मोती, मग ते एकमेकांना ढकलत वर येतात, मग सगळं पातेलं गुणगुणायला लागतं. आम्ही दोघी त्या गुणगुणण्यात इतक्या लांब गेलो की पाणी आटलं तेही कळलं नाही. अंडं फुटून छताला लागलं. त्याचा पिवळा डाग सोसायटीच्या चेअरमन साहेबांना आमच्या दारातून दिसला. वरच्या मजल्याची गळती आहे असं ठरवून त्यांनी प्लंबर पाठवला, आणि प्लंबरनं वरच्यांची चांगली मोरी फोडली. तेव्हापासून वरची बाई माझ्याशी बोलत नाही. तेवढीच शांतता.

नाडीचंही तेच. भिंगरीनं बांधलेली गाठ इतकी सुरेख होती की सोडवायला कात्री लागली.

मार्ग सापडला तो गच्चीवर. मी वाळलेल्या चादरी काढत होते. एक गोष्ट सांगून ठेवते, स्वतःची स्तुती म्हणून नव्हे, माहिती म्हणून. चादरीची घडी घालावी तर मी. माझं कपाट उघडलं की पाहुणे बोलता बोलता थांबतात. डबलबेडची मोठी चादर होती, म्हणून मी भिंगरीला म्हटलं, ये, दोन टोकं धर.

तिनं धरली. मी झटका दिला. चादरीत वारा भरला, ती मधे फुगली, उन्हानं आतून पांढरी झाली. पलीकडे भिंगरी दिसेनाशी झाली, तिची बोटं तेवढी दिसत होती. मग चादर हळूहळू खाली बसली आणि नात पुन्हा उगवली.

"आता अर्धी कर. हं. आता माझ्याकडे ये."

ती आली. हात खांद्याच्या वर, टोकं घट्ट धरलेली, पावलं एकेक मोजून, त्या पांढऱ्या उजेडातून तोंड गंभीर करून ती चालत आली आणि तिची दोन टोकं तिनं माझ्या हातात अशी दिली, जणू कुणाचं झोपलेलं बाळ देतेय. मग वाकली, खाली लोंबणारी घडी उचलली आणि उलट पावली मागे गेली. एकदा सांगितलं ते परत सांगावं लागलं नाही. शाळेत जिचं लक्ष नसतं म्हणतात, तीच ही.

दुसऱ्याच दिवशी मी शाळेच्या कचेरीत नाव नोंदवायला गेले. खिडकीत कारकून होता, मान खाली घालून.

"कौशल्य?"

"चादरीची घडी."

"सिंगल का डबल?"

मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याच्या कागदावर खरंच तसा रकाना होता. मी ताठ मानेनं म्हटलं, "डबल."

"विद्यार्थी एक. साहाय्यक, निरंक. उपकरणे, निरंक." लिहिताना तो स्वतःशी बोलत होता.

"थांबा. घडी दोघांनी घालतात."

"मग ते सांघिक कौशल्य झालं. सांघिक पुढच्या वर्षी. यंदा विषय स्वावलंबन आहे, आजी. एकट्यानं करायचं."

"मग सिंगल लिहा."

"पेनानं लिहिलंय."

"खोडा की."

"खाडाखोड झाली की अर्ज बाद. अर्ज बाद झाला की मूल आपोआप जादा वर्गात." आता त्यानं मान वर केली. माणूस वाईट नव्हता. "डबलच राहू दे आजी. मनात आणलं तर होतं सगळं."

हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं त्यानं डबलबेडची चादर बघितली नसणार. एकटीनं ती घडी घालणं म्हणजे घडी नव्हे, कुस्ती. आणि भिंगरीची उंची चादरीच्या निम्मीसुद्धा नाही.

पण हटेल ती मी कसली. पहिल्यांदा जमिनीवर पसरून बघितली. भिंगरी एक टोक दुसऱ्या टोकाला नेण्यासाठी चादरीखाली शिरली आणि बाहेरच आली नाही. मी वाट बघून आत डोकावले, तर पालथी, हनुवटीखाली हात घेऊन पडलेली. "आजी, आत ये. इथे संध्याकाळ झालीय." मी आत गेले. गुडघे दुखतात म्हणून लगेच बाहेर आले नाही, दुसरं काही कारण नव्हतं.

मग युक्ती काढली. गच्चीवरच्या दोरीला चिमट्यांनी दोन टोकं अडकवायची, म्हणजे दोरी ही दुसरी बाई. भिंगरीला हे फार पटलं. ती दोरीशी अदबीनं बोलायला लागली. "धरा हं मावशी. सोडू नका." काम झकास चाललं होतं. पण मावशीचा स्वभाव ढिला, आणि त्यात वारा सुटला. चादरीनं चिमटे झुगारले, कठड्यावरून झेप घेतली आणि निघाली. काय सुंदर गेली म्हणून सांगू. मधेच थांबली, कूस बदलली, जायचं कुठे याचा विचार केल्यासारखी तरंगली. भिंगरीनं तिला टाटा केलं.

खाली चेअरमन साहेब पोस्टमनला सायकल कुठे लावू नये ते समजावत होते. चादर दोघांवर बसली. पांढरा डोंगर झाला नुसता, आणि डोंगराच्या पोटातून चेअरमन साहेबांचे नियम तसेच चालू होते. खंड नाही. माणूस नियमांचा किती पक्का ते मला त्या दिवशी कळलं.

चादरीचा बोळा काखेत मारून ते वर आले. मी एवढंच म्हटलं, "आणताना घडी घालून आणायची." त्यांनी ते मनाला लावून घेतलं.

आमच्याकडे मोठ्या चादरी तीनच. रोज त्याच त्या उलगडायच्या आणि घालायच्या, तर पोरीला कंटाळा येणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्या घ्या सरावाला, धुऊन पिळून तयार आहेत. त्यांचं ऐकून पैलवानानं चादरींची बादली आणून ठेवली. हेडक्लार्कांनी चादरींना चिठ्ठी टाचली होती, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी'. लोकांना शिक्षणाची एवढी कळकळ आहे हे बघून मला भरून आलं. चार दिवस गेल्यावर लक्षात आलं, की कळकळ शिक्षणाची नव्हती. अख्ख्या इमारतीच्या चादरी मी वाळत घालत होते.

त्यातून घोटाळा झाला तो वेगळाच. आमच्या भागात एकाच दुकानात चादरी मिळतात, आणि दुकानदाराच्या मनाला पांढऱ्यावर निळ्या रेघांपलीकडे काही शिवत नाही. कुणाची कुठली, काही कळेना. भिंगरीनं आपल्या मनानं वाटणी केली. मला म्हणाली, "आजी, आज सगळ्यांना दुसऱ्यांची स्वप्नं पडणार."

"गप बस," म्हटलं मी.

सकाळी जिन्यात पैलवान भेटला. डोळे सुजलेले. म्हणाला, "काकू, मी कुठल्याशा खिडकीसमोर रांगेत उभा होतो, आणि माझा नंबर आला की खिडकी बंद. पुन्हा रांगेत, पुन्हा बंद." वर हेडक्लार्क गॅलरीत उभे होते, छाती पुढे काढून, सूर्याकडे तोंड करून. असं उभं राहिलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "वहिनी," ते म्हणाले, "मी टेबल उचललं. साहेबांचं. साहेबांसकट." आणि हसले. चादर परत मागायला आलेल्या पैलवानाला त्यांनी दोन दिवस दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली. सामाईक गच्चीचा लाँड्री व्यवसायासाठी वापर होत असल्याचे निदर्शनास आले आहे, सबब गच्चीला कुलूप. नोटीस चेअरमन साहेबांनी लावली, वाचली सुनेनं, ऑफिसला जाताना, चार बायकांच्या देखत. संध्याकाळी भांड्यांचा आवाजच आला नाही. ती रागावली की भांडी फार हळू ठेवते.

लाँड्री! मी. ज्या बाईनं हयातीत कुणाच्या घडीला हात लावला तो मेहेरबानी म्हणून, तिचं नाव फळ्यावर आलं नाही तरी बोट तिच्याकडे. त्या दिवसापासून मी चेअरमन साहेबांना जिन्यात वाट देत नाही. कठडा धरून मधोमध उतरते.

गच्ची गेल्यावर सराव आला घरात. एक टोक कपाटाच्या कडीला, एक दाराच्या. भिंगरीनं झटका दिला आणि कपाट उघडून माझ्या सगळ्या घड्या, पाहुण्यांना गप्प करणाऱ्या त्या घड्या, बदाबदा जमिनीवर आल्या. आवाजानं सून आत आली. त्या ढिगाऱ्यात आम्ही दोघी बसलेल्या. ती दाराशीच टेकली आणि म्हणाली, "आई, जाऊ द्या ना. जादा वर्ग काही वाईट नसतो. तुम्हालाही दुपारचा आराम मिळेल."

"मला काय आजार झालाय आराम करायला?" मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी विचारणार होती. मी ढिगाऱ्यातला अभ्रा उचलून त्याची घडी घालायला घेतली. अभ्र्याची घडी एकटीला येते.

शेवटी दिवस उजाडला. शाळेचा हॉल माणसांनी भरला. पहिल्या रांगेत तपासनीस साहेब, उंच, टाय लावलेले, चेहरा असा की हसण्यासाठी वरून मंजुरी लागत असावी. एका मुलीनं मैत्रिणीला बँडेज बांधलं. हात बांधायचा होता, तिनं चेहरासुद्धा सोडला नाही. एका मुलानं फ्यूज कसा बदलावा ते सांगितलं आणि सांगता सांगता हॉलचे पंखे बंद केले. टाळ्या वाजत होत्या. मला घाम फुटला होता, पण तो पंख्यांचाच.

भिंगरीसाठी मी बेत करून ठेवला होता. मंचावर दोन खुर्च्या, खुर्च्यांना चिमटे. नाव पुकारलं आणि कचेरीतला तो कारकून उठला. कागद बघून त्यानं दोन्ही खुर्च्या उचलल्या आणि बाजूला नेऊन ठेवल्या. 'उपकरणे, निरंक.' जाता जाता माझ्याकडे बघून मान हलवली, जसं काही दुःख त्यालाही झालं होतं.

उरली ती रिकाम्या मंचावर एकटी पोरगी, छातीशी चादर कवटाळून. तिनं एकदा जागा बघितली. मग त्या हॉललाही मेली खिडकी होती, तिच्याकडे तोंड केलं आणि बाहेर बघायला लागली.

लोक वाट बघत राहिले. मागून कुणीतरी खोकलं. मुलगा माझ्या शेजारी पुटपुटला, "गेलं." सुनेनं माझा हात धरला. का धरला कोण जाणे. मी सोडवून घेतला नाही. मला ती हिरवी खोली दिसायला लागली होती, नुसती, रिकामी.

आणि भिंगरी मंचाच्या पायऱ्या उतरायला लागली. तिच्या पद्धतीनं, एकेका पायरीशी ओळख करून घेत. उतरली, सरळ पहिल्या रांगेत गेली, आणि तपासनीस साहेबांसमोर उभी राहून म्हणाली, "ही दोन टोकं धरा."

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. मग धरली. लहान मुलानं हातात काही दिलं की मोठी माणसं धरतात, मग टाय असो की नसो.

पुढे जे झालं त्याला काय म्हणावं. साहेबांनी चादर ओढली, भिंगरी दोन पावलं फरफटली. मग ते उलट्या बाजूनं वळले आणि चादरीचा दोर झाला. तो सोडवला. भिंगरी त्यांच्याकडे यायला निघाली तर साहेबही तिच्याकडे निघाले, आणि चादर मधे जमिनीला लागली.

"तुम्ही नाही यायचं," भिंगरी म्हणाली. "तुम्ही उभं राहायचं. यायचं काम माझं."

"असं होय," साहेब म्हणाले.

"घाबरू नका. पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं."

साहेब उभे राहिले. दोन्ही हात वर धरून, अगदी स्थिर. भिंगरीनं झटका दिला. त्या खिडकीतून ऊन आत येत होतं, ते चादरीत भरलं. हॉलभर एक उजेड उठला आणि संथपणे खाली बसला. पंखे बंद होते म्हणून की काय, कसला आवाजच नव्हता. कुणी हललं नाही. त्या उजेडातून ती चालत गेली आणि साहेबांच्या हातात तिची टोकं दिली, आणि साहेब, एवढे मोठे, तिच्याकडे खाली बघत होते. ते हॉलमध्ये नव्हतेच. कुठल्या घरी, कुठल्या गच्चीवर पोचले होते, त्यांनाच माहीत. मग ती वाकून घडी उचलून मागे गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली, आणि शेवटी चादर वहीएवढी होऊन साहेबांच्या तळहातांवर राहिली. त्यांनी ती खाली ठेवली नाही.

कारकून उभा राहिला. "बाई, अर्जात साहाय्यक निरंक आहे."

मोठ्या बाईंनी कागद बघितला. कागदात तसंच होतं. त्यांनी साहेबांकडे बघितलं.

"मी साहाय्य केलं," साहेब सावकाश म्हणाले, "असं इथल्या कुणाला वाटलं का?"

कुणालाच तसं म्हणता येईना.

"माझ्यामुळे उलट वेळ लागला. विद्यार्थिनीनं अडथळा असताना एकटीनं काम पुरं केलं, असं लिहा."

कारकुनानं तसं लिहिलं. पेनानं.

माझी छाती अशी फुगली की ब्लाऊजच्या शिवणीची काळजी वाटली. तेवढ्यात मोठ्या बाई मंचावर गेल्या आणि म्हणाल्या, अशी मुलगी शाळेचं भूषण आहे. जादा वर्गातल्या मुलांना हिच्यासारख्या मदतनिसाची फार गरज आहे. ती रोज दुपारी थांबली तर शाळा आभारी राहील.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलगा उभा राहून टाळ्या वाजवत होता. सुनेच्या डोळ्यांत पाणी. ज्या दारातून दुपार वाचवून आणली होती त्याच दारातून ती वाजतगाजत निघाली होती. माझं तोंड कुणापुढे बंद पडत नाही, त्या दिवशी पडलं. कारण बोलायचं तर काय? भर हॉलमध्ये म्हणायचं, की बाई, मला करमत नाही?

"काय, थांबशील ना गं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

भिंगरीनं विचार केला. तिचा विचार असतो तेवढा वेळ टाळ्या पुरल्या नाहीत, थांबल्या.

"मला नाही जमणार, बाई. मला दुपारी काम असतं."

"तुला कसलं काम?"

"आजीला झोपवायचं असतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. पण पोरीचं सांगणं संपलं नव्हतं.

"तिला एकटीला झोप येत नाही. आधी सगळं सांगावं लागतं, मांजराचं, ढगाचं. मग ती म्हणते मी जागीच आहे. आणि मग घोरते. मग मी उठते आणि आवाज न करता खेळते."

सगळा हॉल वळला. मी इतकी वर्षं लोकांकडे बघत आले. अख्खा हॉल आपल्याकडे बघतो तेव्हा नजर कुठे ठेवायची ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी छताकडे बघितलं. छत स्वच्छ होतं.

"हे कौशल्य वेगळं लिहू का?" कारकुनानं साहेबांना विचारलं. साहेब हसले. मंजुरी आली असावी.

बाहेर आल्यावर मी सुनेला एवढंच म्हटलं, "मी घोरत नाही. पोरांचं काय ऐकता." माझा हात तिनं पुन्हा धरला होता, हे मला रिक्षात बसल्यावर कळलं.

मुलगा परस्पर कामावर गेला. सुनेनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. जेवणं झाली. मी पडदे ओढले, खोली हिरवी झाली. आज काही झालं तरी डोळा लावायचा नाही, असं ठरवून मी आडवी झाले. अब्रूचाच प्रश्न होता. भिंगरीनं डोकं दंडावर टेकवलं. तेवढ्यात दार किलकिलं झालं. सून केस मोकळे सोडून उंबऱ्यात उभी, परक्या घरी आल्यासारखी.

"आई, मीपण पडू का थोडा वेळ?"

"पड की. विचारतेस काय? सरक गं भिंगरे."

भिंगरी मधे सरकली. एक हात तिनं माझ्यावर ठेवला, एक आईवर, आणि त्या दिवशी ढगांकडे काय काय झालं ते सांगायला सुरुवात केली. सून तर लगेच झोपली. कच्ची आहे अजून. मी मात्र शेवटपर्यंत जागी होते. फक्त गोष्टीचं पुढे काय झालं तेवढं मला विचारू नका.